कूलरला पाणी कोण टाकणार?

आमच्या घरात उन्हाळ्यात सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होत असतील तर कूलरमध्ये पाणी कोण टाकणार यावरून. लातूरचं घर, पुढं स्लॅबची एक खोली आणि मागं पत्र्याच्या दोन, मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला आणि तो लोखंडी कूलर खिडकीत बसून रात्रभर घोरतोय. रात्री दोन-अडीचच्या सुमाराला त्याचा आवाज बदलतो, ओली घरघर जाऊन कोरडा खडखडाट सुरू होतो, हवा गरम यायला लागते आणि आम्ही तिघंही जागे असून झोपेचं सोंग घेतो. शेवटी उठते आईच. एक बादली, दुसरी बादली, तिसरी अर्धी, आणि परत येताना कुणालातरी एक शिवी.

मी आता संभाजीनगरला नोकरी करते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम आहे, दिवसातले निम्मे तास एआयशी बोलण्यात जातात. ईमेल लिहून दे, टेस्ट केस काढून दे, हे समजावून सांग, ते बारीक करून दे. सुट्टीत घरी आले की तेच चालू. यंदा एका रात्री कूलरसमोर पडल्या पडल्या त्यालाच विचारलं की बाबा रे, तू पाणी किती पितोस? त्यानं गोल गोल उत्तर दिलं, मग मी स्वतःच शोधत बसले. गुगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये आकडा दिलाय की त्यांच्या जेमिनीला एक साधा प्रश्न विचारला की साधारण ०.२६ मिलिलीटर पाणी लागतं, म्हणजे पाचेक थेंब, आणि वीज ०.२४ वॉट-तास. आईला वाचून दाखवलं.

"पाच थेंब? मग काय बिघडलं. तुझी आंघोळीची बादली बघ आधी."

तिचं बरोबर आहे. पण थेंबाचा हिशोब आम्हा लातूरकरांना कुणी सांगायला नको. २०१६ ला मी बारावीची परीक्षा देऊन सीईटीच्या क्लासला जात होते. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांवर जमावबंदी, हो, १४४ कलम, पाण्यासाठी. क्लासच्या होस्टेलमधल्या पोरी पोरं एकेक करून गावाकडं गेली. गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा आणि तो आला की शेजारचे काका, जे एरवी मला बेटा म्हणायचे, ते पाइप धरायला मला कोपरानं ढकलायचे. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. मामा बघायला गेले होते, म्हणाले लग्नाच्या वरातीसारखी गर्दी होती. पुढं पन्नास वॅगनची गाडी यायला लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. त्या वर्षी आमचा कूलर माळ्यावरून खाली उतरलाच नाही.

तेव्हापासून मला पाणी लिटरमध्ये कळत नाही, गाडीमध्ये कळतं. तर गुगलच्याच अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये त्यांच्या डेटा सेंटरांनी ६१० कोटी गॅलन पाणी वापरलं. म्हणजे सुमारे २३०० कोटी लिटर. मी पडल्या पडल्या भागाकार केला, पन्नास वॅगनच्या नऊ हजारांवर गाड्या. वर्षभर रोज पंचवीस. एका कंपनीच्या. त्यात सर्च आहे, मेल आहे, यूट्यूब आहे, सगळं पाणी एआयच्या नावावर मांडणं बरोबर नाही, आणि जगभरातल्या शेतीला लागणाऱ्या पाण्यासमोर हे काहीच नाही हेही खरं. पण मला त्या पाच थेंबांची आता गंमत वाटेना.

हे पाणी जातं कुठं? तर कूलरमध्येच जातं की. डेटा सेंटर म्हणजे कंप्युटरांची कपाटंच्या कपाटं लावलेलं गोडाऊन, त्यातल्या चिपा तापतात, आणि त्यांना थंड ठेवायचे दोन साधे मार्ग. एक तर एसीसारखं मशीन लावा, वीज जास्त जाईल. नाहीतर पाणी उडवून त्याची वाफ होऊ द्या, वीज कमी जाईल पण पाणी गेलं ते गेलं. लातूरच्या कुठल्याही बाईला विचारा, एसीचं बिल की कूलरच्या बादल्या, हा हिशोब ती दर एप्रिलला करते. क्षारांचं दुखणंही तेच. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, आपल्या कूलरचं गवत पांढरं पडतं आणि त्यांना टाकीतलं खारं झालेलं पाणी अधूनमधून सोडून देऊन नवीन घ्यावं लागतं. मला हे वाचून फार जवळचं वाटलं, एवढी हजारो कोटींची मशिनरी आणि अडचण आमच्या आईचीच.

वीज तरी कोरडी असते का? आमची आत्या परळीला दिलेली. तिथल्या थर्मलची, म्हणजे कोळशावरच्या वीज कारखान्याची, राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते म्हणून ती कायम त्रागा करायची, पण २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून थर्मल बंद पडलं तेव्हा कपडे स्वच्छ आणि घर सुतकात असल्यासारखं. २०१५ ला परत तेच. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं, परत पाण्यानं गार करायचं, त्यामुळं पाणी नसेल तर कोळशाचे डोंगर असून उपयोग नाही. जेमिनीच्या पाच थेंबांत विजेच्या कारखान्यात जाणारं हे पाणी धरलेलंच नाही. आणि विजेचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी ४१५ टेरावॉट-तास वीज खाल्ली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती ९४५ च्या आसपास जाईल. आज अख्खा जपान जेवढी वापरतो त्याच्यापेक्षा थोडी जास्तच.

संभाजीनगरला माझ्या रूमवर नळ आठवड्यातून एकदा येतो. ऑफिसमधला एक पुण्याचा पोरगा आला होता, त्याला पाणचक्की दाखवायला नेलं. सतराव्या शतकातली सोय, हर्सूलकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणलेलं, भिंतीत चढवून वरून धबधब्यासारखं सोडलेलं, आणि त्या जोरावर जातं फिरून दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. पोरगा म्हणाला, भारी ना, फुकटची एनर्जी. मी त्या हौदाकडं बघत होते. पाणी जात्यावरनं जातं, काम करतं आणि पुढं हौदात जातं, तिथं लोक हात धुतात, मासे असतात. मशीननं पाणी वापरलं पण प्यायलं नाही. आताची मशीन पिते. असं तिथं उभं राहून वाटलं खरं, पण लगेच हेही आठवलं की पाणचक्की दिवसाला पीठ किती काढणार, आणि मी रोज ज्याच्याकडून तीस कामं करून घेते ते तिच्यानं होणार होतं का. जुन्याचं कौतुक करताना आपण आपल्या गरजा गुपचूप घरी ठेवून येतो.

तर आता आण्णांचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

आण्णा म्हणजे माझे वडील. औसा तालुक्यात आमची पाच एकर, सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी. बोअर २०२५ ला फेब्रुवारीतच आटला. आण्णांनी पाणाड्या बोलावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस. आमचा पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो, पायात चप्पल नाही, डोळे अर्धे मिटलेले, आणि पाण्यावर आला की नारळ उभा राहतो. कुणी लिंबाच्या दोन फाट्यांची फांदी धरतं. नारळ बांधाजवळच्या लिंबाखाली उभा राहिला. पाणाड्यानं खडूनं फुली मारली, चहा घेतला, पैसे घेतले, "दोन इंच लागतंय बघा" म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

आण्णा तसे सावध माणूस. आधीच्या बोअरला लाखभर रुपये घातलेले. मला म्हणाले, "तुझ्या त्या एआयला इचार की. एवढं जग त्याला कळायलंय तर आपलं रान कळंना का?"

मी मोबाईल समोर धरला, मराठीतच विचारलं. पहिलं उत्तर इतकं चांगलं आलं की मला अभिमान वाटला, जणू माझंच पोरगं बोलतंय. म्हणालं, तुमच्या भागात बसाल्ट आहे, काळा पाषाण, त्यात पाणी वाळूसारखं सगळीकडं पसरलेलं नसतं, भेगांत आणि थरांच्या मधल्या झिजलेल्या पट्ट्यात असतं, खोल जाऊन पाणी लागेलच असं नाही, इथं बसून नेमकी जागा सांगता येणार नाही, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडं चौकशी करा. आण्णांनी मान डोलवली. मग म्हणाले, "ते झालं. पण कुठं पाडू ते इचार." परत विचारलं, परत जरा नरम उत्तर आलं. तिसऱ्यांदा आण्णांनी फोनच हातात घेतला आणि त्यात तोंड घालून म्हणाले, "अंदाजानं सांग की बाबा, आमी काय केस करायलोय का तुज्यावर." आणि त्यानं सांगितलं! तुमच्या वर्णनावरून शेताच्या ईशान्य कोपऱ्यात पाणी लागण्याची शक्यता जास्त वाटते.

ईशान्य. मी दोन मिनिटं विचार करत होते की हे कुठून आलं, आणि मग हसूच आलं, वास्तुशास्त्र. इंटरनेटवर मराठीत बोअर आणि दिशा हे शब्द एकत्र जिथं येतात तिथं निम्म्या ठिकाणी ईशान्येला जल लिहिलेलं असणार, त्यानं तेच उचललं.

आण्णा फोन परत देत म्हणाले, "हा बी पाणाड्याच हाय की गं. नारळ नाही एवढंच."

मी हे ऑफिसात गंमत म्हणून सांगते, लोक हसतात. पण मला त्यातली एक गोष्ट सोडत नाही. पाणाड्या आजपर्यंत कुणालाही "तुझ्या रानात पाणी नाही" म्हणालेला मी ऐकलेला नाही. कारण नाही सांगायचे पैसे कोण देतंय. नाही म्हणणारा पाणाड्या उपाशी मरेल. आणि हे यंत्रसुद्धा आपल्याला खूश ठेवायला शिकवलेलं, दोनदा खरं बोललं, तिसऱ्यांदा गिऱ्हाईकाचा चेहरा बघून नारळ उभा केला.

आता सगळ्या एआयला एका पोत्यात घालायचं नाहीये मला. हवामानाचंच घ्या. पूर्वी दहा दिवसांचा जगाचा अंदाज काढायला मोठमोठे सुपरकंप्युटर तासन् तास चालवावे लागायचे, २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडनं ग्राफकास्ट म्हणून जे मॉडेल दाखवलं ते एका मशीनवर मिनिटाच्या आत हे करतं. शिकवताना वीज लागली, आठवडे लागले, पण एकदा शिकल्यावर काम स्वस्तात. इथं एआय वीज वाचवायलंय. २०२५ च्या खरिपात आपल्या कृषी मंत्रालयानं अशाच मॉडेलांवरून पावसाचे अंदाज १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसनं पाठवले, चार आठवडे आधीपर्यंतचे. त्या वर्षी आठवत असेल, पाऊस मे महिन्यातच घुसला, लोक म्हणाले चला पेरा, आणि मग मान्सून वीसेक दिवस रस्त्यातच बसला. ते बसणं त्या मॉडेलनं आधी सांगितलं होतं. दुबार पेरणीचं बियाणं ज्यानं उधारीवर घेतलंय त्याला विचारा या एका मेसेजची किंमत. (आण्णांचा इनबॉक्स लोन आणि लॉटरीच्या मेसेजनं फुटायला आलेला असतो, तिथं देवाचा मेसेज आला तरी सापडायचा नाही, तो वेगळा विषय.) कापसाच्या पट्ट्यात कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, अडकलेल्या पतंगांचा फोटो काढला की गुलाबी बोंडअळी फवारणीच्या पातळीला आली का ते मोजून सांगणारं ॲप आहे, तेही मला पटतं. उगाच एक फवारणी वाचली तर पैसे वाचले आणि नाकातोंडात जाणारं विषही.

हे एवढं छोटं, मुद्द्याचं काम. आणि दुसरीकडं आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आषाढीला एका दिवसात चाळीस एआयचे विठोबा आले, एकाला सहा बोटं, आणि एका व्हिडिओत विठोबा चक्क ट्रॅक्टर चालवतोय. तेही त्याच विजेवर, त्याच पाण्यावर.

लोक म्हणतात काळजी करू नका, टेक्नॉलॉजी सुधारेल, कमी पाण्यात कमी विजेत होईल. होतंच आहे. गुगल म्हणतं एका प्रश्नाला लागणारी वीज वर्षभरात ३३ पटीनं कमी झाली. आणि त्याच गुगलच्या डेटा सेंटरांची एकूण वीज २०२४ मध्ये २७ टक्क्यांनी वाढली. हे वाचून पुण्याच्या पोराला आश्चर्य वाटलं, मला अजिबात नाही वाटलं. मांजराकाठी माझ्या मामांचा ऊस आहे. पूर्वी मोकाट पाणी द्यायचे, मग सबसिडीवर ठिबक घेतलं, पाणी वाचलं, चांगलंच वाचलं, आणि त्या वाचलेल्या पाण्यावर मामांनी अजून दोन एकर ऊस लावला. आता एप्रिलमध्ये विहीर आधीपेक्षा लवकर तळाला जाते. विल्यम जेवन्स नावाच्या इंग्रजानं १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय, वाफेचं इंजिन जसं कमी कोळसा खायला लागलं तसा देशाचा कोळसा जास्त जळायला लागला. त्याला कोळशाच्या खाणी बघाव्या लागल्या, मामांची विहीर बघितली असती तरी भागलं असतं.

बोअरचंही तेच. आजी सांगायची, बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात बोअरची गाडी आली तेव्हा लोक रात्रभर जागून बघत होते, दीडशे फुटावर पाणी लागलं तेव्हा नारळ फोडला. मग मशीन सुधारली. तीनशे, पाचशे, आता सातशे. कायद्यात, २००९ च्या भूजल कायद्यात, साठ मीटरच्या खाली जायला लगाम घातलेला आहे, म्हणजे दोनशे फूट. आमच्या शिवारात दोनशे फुटाला बोअरवाला जेवायलाही थांबत नाही. जेवढी मशीन चांगली तेवढं पाणी खाली.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याचा ताळेबंद रंगवलेला आहे, निळ्या ऑइल पेंटनं. पाऊस किती पडला, अडवला किती, पिकांना लागणार किती, माणसाला जनावराला किती, आणि शेवटी लाल अक्षरात तूट. अगदी बरोबर हिशोब आहे, मी बेरीज तपासलीय, सवय. त्या भिंतीच्या सावलीत शेळ्या बसतात आणि त्यांच्यामागं जो ऊस दिसतो तो माजी सरपंचाचा. तूट सगळ्यांना पाठ आहे. उद्या एआय तोच ताळेबंद रोज मोबाईलवर पाठवेल, शेतनिहाय, उपग्रहाचे फोटो लावून, तुझ्या विहिरीत इतके दिवसांचं पाणी उरलंय म्हणून आवाजात सांगेल. छानच होईल. पण माजी सरपंचाला ऊस लावू नको म्हणायला भर ग्रामसभेत उभं कोण राहणार? जालन्याच्या कडवंचीत लोकांनी एआय यायच्या कितीतरी आधी बांध घातले, शेततळी केली, द्राक्षं पिकवली. तिथंही हिशोब होताच, पण तो ऐकायला माणसं एका जागी बसली होती. आमच्याकडं माणसं एका जागी बसतात ती फक्त लग्नात आणि दहाव्याला.

मग २०२५ चा सप्टेंबर आला आणि सगळंच उलटं झालं. ज्या मराठवाड्याला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं मांजरा, तेरणा, सीना सगळ्या अंगावर आल्या. परंड्याकडं लोक छतावर. आमचं सोयाबीन कापणीला आलेलं, तीन दिवस पाण्यात, शेंगांना झाडावरच कोंब. अंदाज आलेला होता बरं का, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट, फोन सारखा वाजत होता. आण्णा छत्री घेऊन बांधावर उभे होते आणि फोन खिशात वाजत होता. नाल्याकडच्या अर्ध्या एकरातली माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. आण्णांनी त्या मुरमावरून हात फिरवला, जसा आजारी जनावरावरून फिरवतात, आणि काही बोलले नाहीत.

बोअर त्यांनी पाडला नाही. पाणाड्याच्या फुलीवरही नाही आणि ईशान्येलाही नाही. मला वाटलं माझं ऐकलं, कारण मी सर्वेक्षण, रिचार्ज, शेततळं असं बरंच व्याख्यान दिलं होतं. नंतर कळलं की सोसायटीचं कर्ज मिळालं नाही. शेजारच्यानं पाडला, सहाशे ऐंशी फूट, पांढरा फुफाटा उडाला अख्ख्या शिवारात, दोन तास इंचभर पाणी चाललं आणि थांबलं. खडूची फुली आमच्या लिंबाखाली पावसापर्यंत तशीच होती.

मी परत संभाजीनगरला आले, परत तीच नोकरी, दिवसाला तीस-चाळीस प्रश्न, म्हणजे दोनशे थेंब, म्हणजे दोन चमचे, हे आता मोजायची खोड लागलीय. दोन चमच्यांनी मी कुणाचं पाणी तोडत नाही हे मला माहीत आहे. तरी एखादं वाक्य स्वतः लिहिता येण्यासारखं असलं की स्वतः लिहिते. त्यात पर्यावरण कमी आणि हट्टच जास्त आहे.

परवा आईला फोन केला तर मागं बादलीचा आवाज. म्हटलं काय करायलीस इतक्या रात्री. आरओच्या नळीचं वाया जाणारं पाणी ती दिवसभर एका बादलीत धरते, भांड्यांना, पुसायला, आणि उरलेलं कूलरला. ते पाणी खारं, त्यानं गवत लवकर खराब होतं, दरवर्षी नवीन गवत आणावं लागतं, मी तिला किती वेळा सांगितलंय.

"गवत मिळतंय गं बाजारात," ती म्हणाली. "धर जरा, मोटर चालू करू दे."